आपली रहस्यकथा आपणच वाचताना : खुनी आवाजातून फुटू नये म्हणून

रहस्यकथा लिहिणाऱ्याला खुनी कोण हे पहिल्या ओळीपासून माहीत असतं. कागदावर ते लपवता येतं, आवाजात लपवणं फार अवघड. लेखक स्वतः वाचायला बसला की एखाद्या पात्राचं नाव घेताना तो किंचित थांबतो, पुराव्याच्या वाक्यावर नकळत जोर देतो, आणि समोरच्या निम्म्या लोकांना तिथेच सुगावा लागतो. पुढची दहा मिनिटं ते केवळ सौजन्य म्हणून ऐकतात.

मग कथा एखाद्या नटाकडून वाचून घ्यावी का? मला तसं वाटत नाही. नटाला प्रत्येक वाक्य खुलवायची सवय असते. कुठलं वाक्य अजिबात खुलवायचं नाही, हे फक्त लेखकाला माहीत असतं. म्हणून रहस्यकथेचं अभिवाचन लेखकानेच करावं, पण पुरती तयारी करून. ही तयारी कशी करायची आणि नाशिकमध्ये अशी बैठक कशी भरवायची, ते इथे क्रमाने सांगतो.

नाशिक यासाठी चांगलं गाव आहे. इथे माणसं ऐकायला येतात. गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला १९२२ पासूनची, सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. मे महिन्याच्या उकाड्यात घाटावर बसून तासभर व्याख्यान ऐकणारा श्रोता आपल्याला आयता मिळतो. त्याला गृहीत मात्र धरू नये.

पायरी १ : कानाला पेलेल अशी कथा निवडा

सावकाश, शब्द सुटे करून वाचलं तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात. पंधरा मिनिटांच्या वाचनाला दीड हजार ते अठराशे शब्दांची कथा पुरते. तुमची कथा चार हजार शब्दांची असेल तर ती घाईने वाचू नका. दुसरी कथा घ्या.

रेल्वेच्या वेळापत्रकावर, घराच्या नकाशावर किंवा सांकेतिक चिठ्ठीवर उभी असलेली कथा ऐकताना हमखास निसटते. वाचक मागचं पान उलटून पाहू शकतो, श्रोत्याला ती सोय नाही. संशयिताच्या जबानीतली विसंगती, एखादी सवय, कुणी बोलता बोलता सांगितलेली क्षुल्लक गोष्ट हे कानाला नीट पेलतं.

पात्रं पाचाच्या वर नकोत. नावं वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होणारी ठेवा. सुरेश, सुधीर आणि सुनील असे तीन भाऊ छापील कथेत चालून जातात. ऐकताना तिसऱ्या मिनिटाला त्यांचा एकच माणूस होतो. वाचनापुरती नावं बदलली तर काही बिघडत नाही.

पायरी २ : पुराव्याची वाक्यं कानासाठी नव्याने लिहा

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथे. एक उदाहरण घेऊ.

समजा, भांडी बाजारातल्या एका दुकानदाराचा खून झाला आहे. दिवस बुधवारचा, पावसाळ्यातला. त्याचा भाचा पोलिसांना सांगतो, ‘सात वाजता पंचवटीतून निघालो, रामकुंडावरून घाटाघाटाने चालत इकडे आलो.’ हे खोटं आहे, कारण त्या संध्याकाळी घाट पाण्याखाली होता. छापील कथेत दुसऱ्याच परिच्छेदात वाक्य असतं : ‘गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्यामुळे दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं होतं.’

पुण्यात हे वाक्य खपून जाईल. नाशिकचा श्रोता मात्र गोदेचा पूर घाटावरच्या त्या मारुतीच्या मूर्तीवरूनच मोजतो : पायाला लागलं, कमरेला आलं, गळ्यापर्यंत गेलं. हे वाक्य ऐकताच ओला घाट त्याच्या डोळ्यासमोर उभा राहतो आणि भाचा तोंड उघडताक्षणी पकडला जातो.

पुरावा काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नाही. तो गेला तर शेवटी श्रोत्याची फसवणूक होईल. पुरावा ऐकवायचा, पण कान दुसरीकडे वळवायचा. दर बुधवारी घाटावर बाजार भरतो, त्याचा उपयोग करा. निवेदनातलं वाक्य उचलून भाजीवालीच्या तोंडी घाला :

‘कुठला बाजार आज, भाऊ! मारुतीच्या कमरेला पाणी, आम्ही टोपल्या घेऊन वर रस्त्यावर बसलोय, अन् गिऱ्हाईक म्हणतं जुडी पाच रुपयाला दे. परवडतं का?’

हवालदार कोथिंबिरीची जुडी घेतो आणि पैसे देतो. श्रोत्याच्या मनात भाजीवालीची तक्रार आणि ती जुडी राहते. पाणी त्याने ऐकलेलं असतं, पण हातात धरून ठेवलेलं नसतं.

मात्र ऐकणाऱ्यापर्यंत एकच खूण पुरेशी पोचत नाही. कुणी खोकतं, कुणी उशिरा येऊन खुर्ची ओढतं आणि नेमकं तेच वाक्य जातं. म्हणून पुरावा दोनदा यायला हवा, वेगळ्या रूपात. पोलिसांसाठी पंचवटीतून चहा घेऊन आलेला पोरगा म्हणतो, ‘होळकर पुलावरून फिरून आलो साहेब, म्हणून गार झाला.’ घाटाची वाट बंद होती हे त्यातून कळतं, पण यावेळी कान गार चहाकडे जातो. शेवटी अधिकाऱ्याने भाच्याला एवढंच विचारायचं, ‘तुम्ही घाटाने आलात?’ तेवढ्यावर सभागृहात हुंकार उठतो. श्रोत्याला भाजीवाली आठवते, चहावाला आठवतो आणि आपल्याला सगळं सांगितलं होतं हे त्याला पटतं. रहस्यकथेचा खरा आनंद याच क्षणी मिळतो.

हीच कथा गावाबाहेर वाचायची झाली तर मारुतीचा अर्थ समजावत बसू नका. समजावलेला पुरावा लगेच उघडा पडतो. भाजीवालीला सरळ ‘घाटावर पाणी चढलंय’ म्हणू द्या.

संवादांचीही अशीच झडती घ्या. अवतरणचिन्ह ऐकू येत नाही. ‘कोण बोललं’ हे वाक्याच्या आधी किंवा निदान पहिल्या दोन-तीन शब्दांत यावं. सलग चार वाक्यं बिननावाची गेली की श्रोता गोंधळतो.

पायरी ३ : पोलिसी तपशील तपासून घ्या

महाराष्ट्र पोलीस अकादमी नाशिकलाच आहे. उपनिरीक्षक इथे घडतात आणि सेवानिवृत्त अधिकारी गावात भरपूर. तुमच्या श्रोत्यांत एखादा असणारच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ चं १०३ झालं. कथा त्या तारखेनंतरची असेल तर ‘तीनशे दोन लावा’ हे वाक्य खटकेल. आधीची असेल तर तसंच ठेवा, पण काळ कुठला हे सुरुवातीलाच कळू द्या. शहराला पोलीस आयुक्त, जिल्ह्याच्या उरलेल्या भागाला पोलीस अधीक्षक हा फरकही सांभाळा. मृतदेह हद्दीबाहेर सापडला तर तपास करणारी माणसं बदलतात.

पायरी ४ : वाचायची प्रत तयार करा

कथाकथन आणि अभिवाचन यांत मराठी माणूस अनेकदा गल्लत करतो. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथन गावोगावी नेलं. त्यात सांगणारा समोरच्यांचा रंग पाहून वाक्य वाढवतो, आटोपतं घेतो. रहस्यकथेत ही मोकळीक महागात पडते. एक शब्द इकडचा तिकडे झाला की पुरावा तरी फुटतो, नाहीतर हरवतो. म्हणून कागद हातात असू द्या आणि लिहिलंय तेच वाचा.

अक्षर मोठं, सोळा किंवा अठरा पॉइंटचं. दोन ओळींत भरपूर जागा. कागद पाठकोरे, मोठे पृष्ठांक घातलेले, पिन न मारलेले. पान वाक्याच्या मध्यावर संपू देऊ नका, कारण उलटताना पडणारा खंड श्रोत्याला अर्थपूर्ण वाटतो. मोबाइलवरून वाचू नका. उजेड चेहऱ्यावर पडतो, बोट चुकून सरकतं आणि नजर वर करायला जमत नाही.

पेन्सिलने खुणा करा : छोट्या विरामाला एक तिरकी रेघ, मोठ्याला दोन. पुराव्याच्या वाक्याखाली मात्र रेघ ओढायची नाही. अधोरेखित शब्दावर आवाज आपोआप चढतो. पुराव्यानंतरच्या निरुपद्रवी वाक्यावर खूण करा आणि थांबायचं तिथे. आपल्या उदाहरणात ‘कमरेला पाणी’ या शब्दांवरून सरळ पुढे जायचं आणि विराम घ्यायचा तो ‘परवडतं का?’ नंतर.

चार्ल्स डिकन्स १८६९ मध्ये आपल्याच कादंबरीतला खुनाचा प्रसंग लोकांसमोर वाचत असे. त्याच्या प्रतीच्या समासात त्याने स्वतःसाठी सूचना लिहून ठेवल्या होत्या. त्यातली एक साधारण ‘शेवटपर्यंत दहशत’ अशी आहे. इतका कसलेला लेखकही समासाचा आधार घेत होता, तर आपण का घेऊ नये?

पायरी ५ : सराव, तोही दुसऱ्याच्या कानाने

आधी मोबाइलवर स्वतःचं वाचन रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. एकच गोष्ट शोधा : खुनी पात्राचं नाव प्रत्येक वेळी बाकीच्या नावांसारखंच येतंय का? बहुतेकांचा आवाज तिथे खाली उतरतो किंवा वेग मंदावतो. जमत नसेल तर ती वाक्यं यादी वाचल्यासारखी सपाट वाचून पाहा.

मग कथा न वाचलेल्या एकाला समोर बसवा. घरच्या माणसाने कच्चा खर्डा आधीच ऐकलेला असतो, त्यामुळे शेजारी किंवा ऑफिसातला सहकारी बरा. दोन तृतीयांश कथा झाली की थांबून विचारा, ‘कुणावर संशय आहे आणि कशावरून?’ त्याने खुनी ओळखला आणि कारणात पुरावा सांगितला, तर तो हुशार श्रोता आहे, कथेला हात लावू नका. ‘असंच वाटलं’ म्हणाला, तर तुमच्या आवाजाने चहाडी केली आहे.

पात्रांचे आवाज काढू नका. ठेका आणि वेग किंचित बदलला तरी माणूस वेगळा कळतो. बोलीच्या बाबतीत फार जपून. अहिराणी किंवा नाशिकच्या आसपासची बोली येत असेल तर जरूर आणा, पण ती फक्त चोराच्या, गड्याच्या आणि मोलकरणीच्या तोंडी येत असेल तर कथा पुन्हा तपासा. समोर ती बोली घरात बोलणारी माणसं बसलेली असतात. त्यांच्या भाषेला संशयिताच्या पिंजऱ्यात उभं करणं मला अन्यायाचं वाटतं.

पायरी ६ : बैठक भरवा

तीन लेखक, प्रत्येकाची पंधरा मिनिटं, मध्ये चहा. एवढं पुष्कळ झालं. दिवाळी अंक येऊन गेल्यावर लेखकांकडे ताज्या कथा असतात, म्हणून डिसेंबर-जानेवारी सोयीचा. थंडी असते, तेव्हा साडेपाचला सुरू करून साडेसातला मोकळं करा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत संध्याकाळी ढोल पथकांचा सराव रंगात असतो, तेव्हा ठेवू नका. तारीख ठरवण्याआधी जवळच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नाही ना, तेही विचारून घ्या.

चाळीस माणसांचं सभागृह दोनशेंच्या नाट्यगृहापेक्षा चांगलं. कुसुमाग्रज स्मारक, सार्वजनिक वाचनालय किंवा कॉलनीतला एखादा हॉल, कुठेही चौकशी करा. जागा पाहायला जाल तेव्हा पंखे लावून पाहा, कारण जुन्या पंख्यांची घरघर हळू वाचलेलं वाक्य गिळून टाकते. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात ती जागा नको.

माइक तोंडापासून मूठभर अंतरावर आणि थोडा बाजूला ठेवा, म्हणजे प, फ, भ यांचे फटके बसत नाहीत. गच्चीवर किंवा वाड्याच्या चौकात कार्यक्रम असेल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी काढा. उघड्यावर रात्री दहानंतर तो लावता येत नाही.

एक प्रथा आवर्जून पाडा. प्रत्येक श्रोत्याला कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल द्या. रहस्यभेदाच्या आधी लेखकाने दोन मिनिटं थांबायचं, श्रोत्यांनी खुन्याचं नाव आणि कारण लिहायचं. चिठ्ठ्या लगेच गोळा करा आणि मगच शेवट वाचा. त्या दोन मिनिटांत सभागृहात जी कुजबुज होते, ती ऐकण्यासारखी असते.

पायरी ७ : नावं, रेकॉर्डिंग आणि नंतरची चर्चा

गावात खरोखर घडलेल्या गुन्ह्यावरून कथा सुचली असेल तर नावं, गल्ली, व्यवसाय, नातं सगळं बदला. छोट्या गावात मृताचा मावसभाऊ तिसऱ्या रांगेत असू शकतो. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं तर कायद्यानेच गुन्हा आहे.

रेकॉर्डिंग करणार असाल तर लेखकाची लेखी संमती आधी घ्या आणि ते कुठे, किती दिवस राहणार हेही लिहा. कथा आधी छापून आली असेल तर संपादकांना एक फोन करा.

चर्चेत लेखकाला ‘कथा कशी सुचली?’ विचारण्यापेक्षा ‘हा पुरावा इथेच का ठेवलात?’ विचारा. त्याला बोलायला खूप असतं आणि ऐकणाऱ्या नव्या लेखकांना शिकायला मिळतं. चिठ्ठ्या लेखकाकडेच द्या. त्याने घरी त्यांचे तीन गठ्ठे करावेत : बरोबर नाव आणि बरोबर कारण, बरोबर नाव पण कारण नाही, चुकलेलं नाव. मधला गठ्ठा जाड निघाला तर पुढच्या वाचनाआधी पाचवी पायरी पुन्हा करावी. चुकलेल्यांनी कारणाच्या जागी कोथिंबीर लिहिली असेल, तर त्या वाक्याला हात लावू नये.