मूडलवर फाईल टाकली म्हणजे असाइनमेंट सबमिट झाली असं नसतंय

मूडल म्हणजे कॉलेजची असाइनमेंट ऑनलाइन जमा करायची साईट. दर सेमिस्टरला शेवटच्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये हेच चालू असतं, "सर मी फाईल टाकली होती की ओ, मग झिरो कसा काय?" आणि पोरगं खोटं बोलत नसतं, फाईल खरंच टाकलेली असते, फक्त ती ड्राफ्टमध्ये, म्हणजे अजून जमा न केलेली, पडून राहिलेली असते. रात्र रात्र जागून केलेल्या कामाचे मार्क एका बटणापायी जातात हे मला अजिबात बघवत नाही, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. आपल्याकडं सोलापुरात बऱ्याच पोरांकडं लॅपटॉप नसतो, मोबाईल नाहीतर नेट कॅफे, त्यामुळं तसंच धरून सांगतो.

आधी असाइनमेंटचं पान वरपासून खालपर्यंत वाचा. ड्यू डेट बघताना तारखेसोबत वेळ पण बघा, कारण इथं लई जण फसतात. समजा १५ तारीख आणि १२:०० एएम असं लिहिलंय, तर ती १५ तारखेची रात्र नाही, १४ तारीख संपून १५ लागते तो ठोका, म्हणजे तुम्हाला १४ च्या रात्रीच काम उरकायचंय. ड्यू डेट उलटली तरी कधी कधी फाईल घेतली जाते, फक्त लेट म्हणून लाल अक्षरात दिसते, पण सरांनी आत कट-ऑफ डेट लावलेली असेल तर त्यानंतर टाकायचा रस्ताच बंद होतो. मित्राची मागच्या वेळी लेट घेतली म्हणून तुमची पण घेतील हे धरून चालू नका.

मग फाईल. हातानं लिहिलेलं असेल तर वहीच्या पानांचे सुटे सुटे फोटो टाकू नका. गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये स्कॅन करायची सोय आहे, एकेक पान धरत जायचं, सगळ्याची मिळून एकच पीडीएफ होते आणि साईज पण फोटोंपेक्षा बरीच कमी येते. दुपारी खिडकीजवळच्या उजेडात स्कॅन करा, रात्री ट्यूबखाली मोबाईलची सावली बरोबर पानावर पडते आणि पेन्सिलच्या आकृत्या तर दिसतच नाहीत. काही जण फोटोच्या नावापुढं नुसतं पीडीएफ लिहून टाकतात, नाव बदलल्यानं फाईल बदलत नाही, ती सरांकडं उघडणारच नाही.

टाईप केलेलं असेल आणि मराठीत असेल तर फाँटकडं लक्ष द्या. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली वर्ड फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली आणि तिथं तो फाँट नसला की पानभर अर्थ नसलेली अक्षरं दिसतात, वाचणाऱ्याला वाटतं फाईलच खराब आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर आपण मराठी टाईप करतो तसल्या कुठंही दिसणाऱ्या अक्षरांत, टाईप करा आणि शेवटी पीडीएफ करा, पीडीएफमध्ये फाँट सहसा फाईलच्या आतच बसून जातो. पण सरांनी वर्डच मागितली असेल तर वर्डच द्या, तिथं आपलं डोकं चालवू नका. नाव साधं ठेवा, रोल नंबर, विषय, असाइनमेंट नंबर, बास. व्हॉट्सॲपवरनं आलेल्या फाईलला ते डॉक आणि आकड्यांचं लांबलचक नाव असतं, ते तसंच ठेवलं की घाईत दुसऱ्याच विषयाची फाईल जाते.

आता मूडलमध्ये ॲड सबमिशन दाबा. जिथं फाईल टाकायची चौकट येते तिथंच वर लिहिलेलं असतं किती एमबीपर्यंत चालेल आणि किती फाईली चालतील, कुठल्या प्रकारच्या चालतील ते चौकटीच्या खाली असतं. कॉम्प्युटरवर फाईल ओढून चौकटीत सोडता येते, मोबाईलवर अपलोड अ फाईल, मग चूज फाईल, मग अपलोड धिस फाईल. फाईलचं नाव चौकटीत दिसल्याशिवाय पुढं जाऊ नका, नेट स्लो असलं की मध्येच अडकतं. चुकीची फाईल गेली असेल तर तिच्यावर क्लिक करून आधी डिलीट करा आणि मग नवी टाका, नाहीतर एकच फाईल चालत असेल तर दुसरी घेतच नाही. मग सेव्ह चेंजेस.

इथंच सगळा घोळ होतो. सेव्ह झालं की पोरं सुटकेचा श्वास सोडून टॅब बंद करतात. पण बऱ्याच कोर्समध्ये सेव्हनंतर सबमिट असाइनमेंट असं वेगळं बटण येतं, काही ठिकाणी हे काम माझं स्वतःचं आहे अशी टिक पण करायला लागते, आणि मग कंटिन्यू. नुसतं सेव्ह करणं म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं, तिकीट अजून काढायचंय. गेल्या वर्षी अक्कलकोटहून येणारी एक मुलगी मोबाईल घेऊन आली, स्क्रीनवर फाईलचं नाव, तारीख, वेळ सगळं व्यवस्थित, आणि स्टेटसच्या ओळीत ड्राफ्ट, नॉट सबमिटेड. ड्यू डेटला अजून तासभर होता म्हणून तिथंच उभ्या उभ्या बटण दाबून घेतलं आणि काम झालं. तर लक्षात घ्या, सबमिशन स्टेटसच्या पुढं सबमिटेड फॉर ग्रेडिंग दिसलं तरच ती जमा झाली. हे वेगळं बटण कोर्समध्ये ठेवलेलं नसेल तर सेव्ह केल्याबरोबरच तसं दिसतं, पण बघायचं ते बघायचंच. आणि बटण दाबायच्या आधी फाईल उघडून बघा, कारण एकदा सबमिट केली की सरांनी परत ड्राफ्टला नेल्याशिवाय बदलता येत नाही.

सबमिट झाल्यावर तिथल्याच फाईलच्या नावावर क्लिक करून ती डाऊनलोड करा, पहिलं आणि शेवटचं पान उघडून बघा, आणि तारीख-वेळेसकट स्टेटसचा स्क्रीनशॉट काढा. नेट कॅफेत असाल तर लॉगआउट करा आणि डाऊनलोड्समधली, डेस्कटॉपवरची आपली फाईल डिलीट करून रिसायकल बिन पण रिकामा करा, तुमची मेहनत दुसऱ्याच्या नावानं जायला नको.

तुमच्या कॉलेजात मूडलऐवजी गूगल क्लासरूम असेल तर नुसतं अटॅच करून भागत नाही, टर्न इन दाबायला लागतं. टर्न इन केल्यावर बदल करायचा झाला तर अनसबमिट होतं, पण ड्यू डेट गेल्यावर अनसबमिट करून परत दिलं तर ते लेट धरलं जातं, तेवढं जपून.

शेवटच्या तासावर कुणीच ठेवू नका, लाईट जाते, साईट लोड होत नाही, आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्ड्यावरनं, म्हणजे जत्रेच्या मैदानावरनं, गर्दीत उभं राहून मोबाईलवर अपलोड करायला गेलात तर चाक फिरतंच राहतं. तरी अडलंच, तर वेळ संपायच्या आत सरांना मेल करा, पीडीएफ जोडा, स्क्रीनवर आलेल्या एररचा स्क्रीनशॉट जोडा, विषयाच्या ओळीत रोल नंबर आणि असाइनमेंटचं नाव लिहा. आणि मेल पाठवल्यावर मूडलवर परत ट्राय करत राहा, कारण मार्क शेवटी तिथंच भरले जातात.