घरी एडर बनवताय? मग आधी एवढं जमवा

सप्टेंबर लागला की झाडावर बसून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्यांची विचारणा सुरू होते, सॅडल घेतलं, स्टिका घेतल्या, पण तीन स्टिकांमध्ये वीस फूट काही गाठता येत नाही, तर एडर विकत घ्यावा का घरी बनवावा? माझं मत विचाराल तर घरीच बनवा, कारण पायऱ्यांचं अंतर तुमच्या पायांच्या मापाने ठेवता येतं आणि खर्चही किरकोळ. पण सामान आधी जमवा आणि मग बसा, कारण यात एक-दोन गोष्टींचा क्रम चुकला तर सगळ्या गाठी सोडून परत पहिल्यापासून सुरुवात. इकडे पेनसिल्व्हेनियात आर्चरीचा सीझन ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडतो, त्याच्या आदल्या रात्री गॅरेजमध्ये पट्टी कापत बसू नका एवढंच.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. सॅडल म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचा, झोळीसारखा हार्नेस, त्यात बसून माणूस झाडाला टेदर नावाच्या दोराने टांगलेला असतो, पाय एका छोट्या प्लॅटफॉर्मवर. वर चढायला खोडाला एकावर एक स्टिका, म्हणजे पाय ठेवायला पायऱ्या असलेल्या छोट्या दांड्या, बांधत जायचं, आणि एडर म्हणजे त्या स्टिकच्या खाली लोंबकळणारी पट्टीची शिडी, एका-दोन पायऱ्यांची. भारतातल्या मंडळींनी शिकारीचा भाग सोडून द्या, तिकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, पण सह्याद्रीत कडे चढणाऱ्यांना ही वस्तू बघताक्षणी ओळखता येईल, ते जिला एट्रियर म्हणतात तीच ही, फक्त कातळाऐवजी ओकच्या झाडावर.

पट्टीपासून सुरू करू. १ इंच रुंदीची नायलॉनची ट्युब्युलर वेबिंग घ्या, क्लाइंबिंगचं सामान विकणाऱ्या दुकानातली, जिची तुटण्याची ताकद साधारण ४,००० पाउंड लिहिलेली असते, म्हणजे १,८०० किलोच्या आसपास. हा आकडा बघून हुरळून जाऊ नका, गाठ मारली की त्यातली एक तृतीयांशाच्या आसपास जाते, नायलॉन ओलं झालं की अजून थोडी जाते, तरी पायाखाली घ्यायला उरते ती भरपूर आहे. पॉलिस्टरची पट्टी कमी ताणते आणि पाणी कमी पिते, त्यामुळे थंडीत ओली होऊन कडक व्हायचा त्रास कमी, ती मिळाली तरी छान. हार्डवेअरच्या दुकानात रिळावर स्वस्तात मिळते ती पॉलिप्रॉपिलीनची पट्टी मात्र बॅगा बांधायला ठीक आहे, उन्हाने लवकर कुजते, ती नको. डायनिमा नावाच्या धाग्याची बारीक पट्टी हलकी आणि दणकट म्हणून काही जण आणतात, पण ती इतकी निसरडी असते की साध्या गाठी सरकतात, शिवलेली तयार घेतली तर गोष्ट वेगळी.

रंगाचं पण बघून घ्या. हरणाला लाल-केशरी नीट दिसत नाही पण निळं चांगलं दिसतं, त्यामुळे दुकानात निळी पट्टी सेलमध्ये आहे म्हणून उचलू नका, तपकिरी, काळी, हिरवी काहीही चालेल.

किती लांब घ्यायची याचा हिशेब असा. दोन पायऱ्यांमध्ये साधारण १८ इंच धरा, बुटक्या माणसाला १६ सुद्धा बरे पडतात. एका पायरीच्या एडरला ६ फूट पट्टी पुरते, दोन पायऱ्यांच्या एडरला १२ फूट घ्या. जास्त वाटेल पण दुहेरी पट्टीची एकेक गाठ सहज वीतभर पट्टी खाते, आणि उरलेली नंतर कापता येते, कमी पडलेली जोडता येत नाही. स्टिक २० इंचांची असेल, तिच्याखाली दोन पायऱ्यांचा एडर ३६ इंच, आणि खालच्या स्टिकच्या डोक्यापासून एडरच्या शेवटच्या पायरीपर्यंत १८ इंच, असं धरलं तर एका स्टिकमागे सहा फुटांच्या वर उंची मिळते, म्हणजे तीन स्टिकांत अठरा-एकोणीस फूट. एडर नसताना त्याच तीन स्टिकांत साडेनऊ फूट मिळतात. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

मग तीन पायऱ्यांचा का नाही, चार का नाही? बनवता येतो, लोक बनवतातही. पण पायरी जितकी खाली तितका एडर झुलतो, पाय खोडाकडे पुढे सरकतो आणि पाठ बाहेर फेकली जाते, सगळं वजन मग हातांवर येतं. दोनच्या वर जाऊ नका असं मी सांगेन, आणि पहिल्या सीझनला तर एकच पायरी ठेवा.

आता क्रमाची भानगड. पायरीची घडी उघडी राहावी म्हणून तिथे प्लॅस्टिकची नळी घालतात, पट्टी आतून जेमतेम सरकेल अशी पारदर्शक व्हायनिल नळी, प्रत्येक पायरीला बुटाच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त लांबीचा तुकडा. हे तुकडे गाठी मारायच्या आधी पट्टीत ओवायचे असतात!! सगळ्या गाठी घट्ट बसवल्यावर नळी टेबलावर दिसली की काय होतं ते सांगायला नको. नळी नको असेल तर पायरीच्या जागी पट्टीचाच अजून एक थर शिवा, किंवा ट्युब्युलर पट्टी आतून पोकळ असते त्यात जाड केबल टाय सरकवा. व्हायनिल कडाक्याच्या थंडीत कडक होऊन तडकतं म्हणून डिसेंबर-जानेवारीत बसणाऱ्यांना मी पट्टीचा थरच सुचवेन.

कापायला गरम सुरी असेल तर उत्तम, नसेल तर कात्री आणि लायटर, टोक वितळवून घ्यायचं, बोटाने दाबायचं नाही, वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटलं की सुटत नाही. खिडकी उघडी ठेवा, वास घाण येतो.

गाठी दोनच लागतात. वरच्या टोकाला फ्रॉस्ट नॉट: पट्टीचं एक टोक दुमडून छोटा फासा करायचा, दुसरं टोक त्या दुमडीच्या मधे ठेवायचं, आणि तिन्ही थर मिळून एकच साधी गाठ, तिच्यातून वर कॅरॅबिनर (उघड-बंद होणारी धातूची कडी) अडकवायला छोटा फासा मिळतो आणि खाली मोठा वेढा. ही गाठ टॉम फ्रॉस्टच्या नावाने ओळखली जाते, ज्याने १९६१ साली कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत एल कॅपिटान या कड्याची सालाथे वॉल ही वाट पहिल्यांदा चढली त्या टोळीतला हा गडी. मग खालच्या वेढ्यात, दोन्ही पदर एकत्र धरून साधी गाठ मारली की वर एक पायरी आणि खाली एक पायरी तयार. यातली खरी खुबी म्हणजे गाठ मारताना एक पदर दुसऱ्यापेक्षा दोन-तीन इंच लांब सोडायचा, मग पायरी आपोआप आ वासून राहते, दोन्ही पदर सारखे ठेवलेत तर ती मिटलेली राहणार आणि अंधारात बूट आत घालायला तुम्ही खोडाला मिठी मारून एका पायाने चाचपडत बसणार. टोकं गाठीच्या बाहेर किमान तीन इंच सोडा. गाठ चार-पाच वेळा पूर्ण वजन टाकून आवळा, पट्टीच्या गाठी सैल-घट्ट, सैल-घट्ट होत हळूहळू सरकतात, त्यामुळे दर वेळी झाडावर जाण्याआधी टोकं मोजून बघायची सवय पाहिजे.

शिवायचं का? दिसायला सुरेख आणि गाठींची ढेकळं नाहीत, पण घरच्या साध्या मशीनला पट्टीचे तीन-चार थर झेपत नाहीत, सुई मोडते. मोची वापरतो तशी आरी आणि जाड बॉन्डेड पॉलिस्टर दोरा घेऊन हाताने शिवता येतं, वेळ लागतो. पायरीचा थर, नळीची टोकं असल्या ठिकाणी शिवा, वजन पेलायचं काम मात्र गाठीला द्या, कारण घरी घातलेल्या टाक्यांची ताकद मोजायला आपल्याकडे काही साधन नसतं.

याच्यापुढचं जरा नीट वाचा. एडर पायासाठी आहे, त्याच्यावर जीव टांगायचा नाही. म्हणजे तो तुटला, सुटला, पाय घसरला, तरी तुम्ही जिथे आहात तिथेच राहिलं पाहिजे, आणि ते काम टेदर आणि लाइनमन बेल्टचं (चढताना खोडाला वेढा घालून कमरेच्या दोन्ही बाजूंना अडकवायचा दोर), त्या दोन्ही गोष्टी घरी बनवायच्या नाहीत, रेटिंग असलेल्या विकत घ्यायच्या आणि कंपनीने लिहिलेल्या वजनाच्या आत राहायचं, कपडे, बूट, धनुष्य, बॅग धरून. एकटा लाइनमन बेल्ट पडणं रोखत नाही, पाय सुटले तर माणूस खोडावरून घासत खाली येऊ शकतो, म्हणून टेदर सोबत वर सरकवत न्यायचा, ढील न ठेवता, आणि टेदरच्या वर कधी चढायचं नाही. फांदी आडवी आली तर दुसरा दोर फांदीच्या वर खोडाला बांधून मग पहिला सोडायचा. आणि हे जमिनीवरूनच सुरू, दहा फुटांवर गेल्यावर नाही.

एक जादा एडर, एका पायरीचा, सॅडलच्या पाऊचमध्ये कायम टाकून ठेवा. प्लॅटफॉर्मवरून पाय सुटून दोरावर लटकायची वेळ आली तर मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात आणि काही मिनिटांत अवस्था बिकट होऊ शकते, तेव्हा हा फासा टेदरवर अडकवून त्यात पाय रोवून उभं राहता येतं, मदत येईपर्यंत. शिट्टी आणि फोन छातीच्या खिशात, बॅगेत नाही, बॅग तुमच्यापासून लांब टांगलेली असू शकते.

स्टिकला एडर अडकवायला छोटा कॅरॅबिनर घ्या, किल्लीच्या जुडग्याचा नाही, क्लाइंबिंगचा. धातूवर धातू वाजला की हरिण शेपटी वर करून गेलंच समजा, म्हणून कॅरॅबिनर आणि स्टिकची जिथे गाठ पडते तिथे हॉकी टेप किंवा कापडी टेप गुंडाळा. एडर शक्यतो स्टिकच्या रुंदीच्या मध्यावर लटकला पाहिजे, एका कडेच्या पायरीवर लटकवला तर वजन पडताच स्टिक खोडाभोवती फिरते. स्टिक बांधल्यावर खाली जोरात ओढून बसवा, दात सालीत रुतले पाहिजेत, आणि वजन टाकताना सरळ खाली, बाहेर झुकून नाही.

चाचणी अंगणातल्या झाडावर, स्टिकचं खालचं टोक जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर बांधून, म्हणजे दोन पायऱ्यांच्या एडरची शेवटची पायरी दीड फुटावर येते. सीझनमध्ये घालणार तेच बूट घाला, उन्हाळी स्नीकरला बसणाऱ्या पायरीत जाड रबरी बूट अडकतो, आणि अडकलेला बूट न बसणाऱ्या बुटापेक्षा जास्त वाईट. हातमोजे घालून करा, अंधारात करा, उतरून बघा. उतरताना पाय खाली शोधायचा असतो आणि डोळ्याला काही दिसत नाही, बहुतेकांची फजिती तिथेच होते. पायरीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याचे चार टाके घातले तर हेडलॅम्पच्या उजेडात सापडते.

झाड आधी जाऊन बघून ठेवा. जिवंत, सरळ, वर वाळक्या फांद्या नसलेलं, आणि ॲश असेल तर सोडून द्या. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला, २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियात आला, आणि तेव्हापासून इथल्या जंगलांत मेलेले ॲश उभेच्या उभे आहेत, बाहेरून खोड ठीक दिसतं आणि लाकूड बिस्किटागत मोडतं. शॅगबार्क हिकरीच्या सालीच्या सुट्या पट्ट्यांवर स्टिक बसतच नाही. स्टेट गेम लँडवर, म्हणजे शिकारीसाठी राखलेल्या सरकारी जमिनीवर, झाडाला खिळे-स्क्रू चालत नाहीत, पट्टी आणि दोरवाल्या स्टिकांची ही पण एक सोय. रायफल सीझनमध्ये झाडावर असलात तरी डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच फ्लुओरेसंट केशरी अंगावर पाहिजे, हरणाला तो रंग नीट दिसत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो.

निघायच्या आदल्या दिवशी एडर उजेडात हातात धरून पूर्ण लांबी बोटांखालून सरकवा: कुठे केस निघालेत का, कुठे पट्टी चकचकीत कडक झाली आहे का, टोकं तीन इंचांची अडीच झाली आहेत का. गॅरेजमध्ये ठेवलेला असेल तर उंदरांनी घामाच्या मिठासाठी कुरतडलाय का तेही बघा. टोकाला मार्करने बनवल्याचा महिना-वर्ष लिहा, शंका आली की कापून टाका, बारा फूट पट्टी काही महाग नाही. धनुष्य खाली जमिनीवर ठेवून चढायचं आणि वर स्थिर झाल्यावर दोराने ओढून घ्यायचं, बाण क्विव्हरमध्ये (भात्यात), तर तो तीसेक फुटांचा दोर पण एडरसोबत पिशवीत टाका, आणि कुठल्या झाडावर कधीपर्यंत बसणार ते घरात कुणाला तरी मेसेज करून ठेवा.