हवाईन गिटार शिकताय? निदान या चुका तरी टाळा

मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून स्टीलचा बार फिरवत वाजवायची ती लॅप स्टील. आपल्याकडे तिला हवाईन गिटारच म्हणतात. शिकायला येणाऱ्याने बहुधा साधी गिटार थोडीफार वाजवलेली असते आणि पहिली चूक तो तिथूनच घेऊन येतो. बार दोन फ्रेटच्या, म्हणजे गळ्याच्या पट्टीवरच्या आडव्या रेषांच्या, मध्ये ठेवतो. साध्या गिटारवर बोट फ्रेटच्या मागे दाबलं तरी तार फ्रेटवर टेकते. इथे ती कुठेच टेकत नाही. बार असेल तिथे स्वर. म्हणून बार नेमका फ्रेटच्या रेषेवर हवा; मागे राहिला की स्वर उतरलाच.

पण म्हणून रेषेला डोळे चिकटवून बसू नका. मी बसलो होतो. गणेशोत्सवातला कार्यक्रम, डाव्या हाताला हॅलोजन. तारा पट्टीपासून जवळपास सेंटिमीटरभर वर, त्यामुळे बारची सावली उजवीकडे सरकून पडत होती आणि मी इमानदारीत ती सावली रेषेवर आणत होतो. प्रत्येक स्वर उतरलेला. पेटीवाल्याने दोनदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं खुंटी उतरली, म्हणून चालू गाण्यात पहिली तार चढवली. मग जे काही झालं ते सांगवत नाही. पुढच्या रांगेतल्या आजी शेजारणीला म्हणाल्या, "अजून सूरच लावतोय का गं हा?"

तेव्हापासून रोजची पहिली वीस मिनिटं दिवा बंद आणि तानपुऱ्याचं ॲप चालू. सा, मग प, मग वरचा सा, एवढंच. बाराव्या फ्रेटपाशी दोन रेषांमध्ये जेमतेम १८-१९ मिलिमीटर असतात. तिथे तीन मिलिमीटर चुकलात की अर्ध्या स्वराचा सहावा हिस्सा गेला. हे डोळ्यांना कळत नाही, कानाला लगेच टोचतं.

आणि ते बार थरथरवणं पहिले दोन महिने बंद. कंपाखाली बेसूरपणा झाकला जातो असं फक्त वाजवणाऱ्यालाच वाटतं. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या अल्बममधली ब्रिजभूषण काब्रांची गिटार ऐकून तिसऱ्या दिवशी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मागणारे भेटतात. अहो, मींड जिथे पोचणार ते ठिकाण तरी आधी सापडू द्या!

दुसरी चूक खिशाला महाग पडते. व्हिडिओत कुणी तरी सहा तारा जाड्या सहावीपासून जी बी डी जी बी डी अशा स्वरांत लावायला सांगतो, आणि आपण साध्या गिटारच्या नेहमीच्या तारा तशा ओढतो. म्हणजे सहावी तार तीन अर्धस्वर वर, पाचवी दोन. माझ्या एका विद्यार्थ्याची जुनी गिटार तशी महिनाभर ठेवली, तारा अडकवतात ती घोडी चिकटवलेल्या जागेवरून उचलली गेली. दुरुस्तीच्या खर्चात त्याच्या चार महिन्यांच्या तारा आल्या असत्या. डी जी डी जी बी डी लावा: तीन तारा उतरतात, चढत एकही नाही. जी बी डी जी बी डीच लावायचं असेल तर त्यासाठीच्या बारीक तारा घ्या.

बारच्या मागे, खुंट्यांच्या बाजूला, अनामिका आणि करंगळी तारांवर अलगद टेकलेली हवी, नाहीतर मागची तार किणकिणते. बार तिरका धरू नका. जोरात दाबू नका, त्याचं वजन पुरतं. तारा छेडायला बोटांत घालायच्या नख्या बोचतात म्हणून काढून ठेवू नका, आठवड्यात सवय होते.

साध्या गिटारवर शिकत असाल तर बार फ्रेटला घासू नये म्हणून तारा उचलायला, नटवर (खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या पट्टीवर) बसवायचा धातूचा तुकडा मिळतो, स्वस्त असतो, तो घ्या. तारांखाली पेन्सिल सरकवायची युक्ती मीही करून पाहिली आहे. आठ दिवस चालली, नवव्या दिवशी तारांनी पेन्सिलीत खाचा पाडल्या.