आइस टी गढूळ, कडू, पाणचट? या चुका टाळा

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आत्या आली होती. बाहेर पारा चव्वेचाळीसवर, म्हणून मी हौसेनं आदल्या रात्रीच आइस टी करून काचेच्या जगमध्ये भरून ठेवला होता. फ्रिजमधून काढला तर डबकं ढवळल्यासारखा दिसत होता. आत्यानं ग्लास उजेडाकडे धरला आणि विचारलं, "हाऊ चहा शे का नालानं पानी?" (हा चहा आहे की नाल्याचं पाणी?) चव तशी बरी होती, पण तोवर ती ताकाच्या भांड्याकडे वळली होती.

गढूळ का होतो?

तो नासलेला नसतो. चहातलं कॅफिन आणि तुरटपणा देणारे पॉलिफिनॉल गरम पाण्यात सुटे राहतात. चहा थंड झाला की ते एकमेकांना धरतात आणि त्यांचे बारीक कण तरंगू लागतात. चहा जितका कडक, तितकं हे जास्त. त्यात आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. हीटरच्या कॉइलवर पांढरा थर चढवणारं, डाळ लवकर शिजू न देणारं हेच पाणी चहाही गढूळ करतं, वर तेलकट पापुद्रा आणतं.

आरओ फिल्टरचं पाणी असेल तर जड पाण्याचा प्रश्न मिटला. नसेल तर आदल्या दिवशी पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, झाकून ठेवा आणि सकाळी वरचं निवळ पाणी हलक्या हातानं ओतून घ्या. सगळे क्षार जात नाहीत, पण फरक डोळ्यांना दिसतो. कडकडीत चहा थेट फ्रिजमध्ये ढकलू नका (माझी चूक तीच होती). एवढं करूनही गढूळ झालाच, तर त्यात थोडं उकळतं पाणी घालून ढवळा, बहुतेक वेळा निवळतो. लिंबू पिळल्यावर रंग फिका होतो, त्याला मात्र घाबरू नका. तो आंबटपणाचा परिणाम, आणि दिसतोही छान.

पत्ती कुठली?

रोजच्या दुधाच्या चहाची दाणेदार सीटीसी पत्ती दूध-साखरेला पुरून उरेल अशी कडक बनवलेली असते. आइस टीला लांब पानांची पत्ती घ्या. निलगिरीची मिळाली तर उत्तम, ती थंड झाल्यावरही बरीच स्वच्छ राहते. घरात सीटीसीच असेल तर दोन मिनिटांच्या वर ठेवू नका.

आणि उकळू तर अजिबात नका! आपला हात लगेच गॅसकडे जातो, आधण आलं की पत्ती टाकायची आणि रंग येईपर्यंत उकळत ठेवायची. इथे पाणी उकळलं की गॅस बंद, मग पत्ती, वर झाकण, चार मिनिटं. ग्रीन टी असेल तर पाणी आधी पाचेक मिनिटं निवू द्या. गाळताना गाळणीतला चोथा चमच्यानं दाबायची सवय मोडा, त्यातून कडूपणा उतरतो.

बर्फाचा हिशोब

इथे जवळजवळ सगळेच फसतात. अर्धा लिटर ९० अंशांच्या चहात अर्धा किलो बर्फ टाकला तर तो सगळा विरघळतो आणि चहा साधारण ५ अंशांवर येतो. म्हणजे चहा थंड होतो तेव्हा भांड्यात निम्मं पाणीच असतं. मग तो पाणचट लागला तर दोष कुणाचा? म्हणून सुरुवातच दुप्पट कडक करा. अर्धा लिटर पाण्याला १० ते १२ ग्रॅम, म्हणजे लांब पानांचे पाच-सहा छोटे चमचे.

"खोलीच्या तापमानाला येऊ द्या" हा पाककृतींमधला सल्ला मे महिन्यात जळगाव-भुसावळला फारसा कामाचा नाही, आपली खोलीच तापलेली असते. त्यापेक्षा भांडं माठातल्या पाण्यानं भरलेल्या परातीत ठेवा, पाणी एकदा बदला. मग बर्फ बराच कमी लागतो.

गाडीवरच्या लादीचा बर्फ मात्र नको. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, पण मी रंग बघत बसत नाही, घरचाच वापरतो.

गच्चीवरची बरणी

पापड-कुरडया वाळतात तिथेच पाण्यात पत्ती घालून बरणी उन्हात ठेवायची, ही कल्पना मोहाची आहे. पण ऊन कितीही कडक असलं तरी ते पाणी उकळत नाही. तासन् तास नुसतं कोमट राहतं, जंतूंना हवं तसं. चहाला तार सुटलेली दिसली तर सरळ फेकून द्या.

उकळायचा कंटाळा असेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात १० ग्रॅम लांब पत्ती घाला आणि रात्रभर, सातेक तास, फ्रिजमध्ये ठेवा. हा चहा कडू होत नाही, सहसा गढूळही होत नाही. मी आता बहुतेक वेळा असाच करतो. साखर थंड चहात सहज विरघळत नाही, तळाशी किरकिरत राहते. सम प्रमाणात साखर-पाणी गरम करून पाक बाटलीत भरून ठेवा.

केलेला चहा दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. रात्री बराच वेळ लाईट गेली असेल आणि फ्रिज उघडल्यावर गार वाटलं नाही, तर तो जग झाडाच्या बुंध्याशी रिकामा करा.