'हलबलू' म्हणजे 'हल्लाबोल' नव्हे: इंग्रजी शब्दांचं मूळ सांगताना या चुका टाळा

गोंगाट, दंगा, आरडाओरडा यांसाठीच्या इंग्रजी शब्दांवर कोणी लिहायला बसलं, की 'हलबलू' हमखास येतो आणि पाठोपाठ शोध लागतो: हा तर आपला 'हल्लाबोल'! साहेबाने ऐकला नि विलायतेला नेला.

एका दिवाळी अंकाची मुद्रितं तपासताना हाच शोध सांगणारी चौकट माझ्यापुढे आली. लिहिणारा मुलगा हुशार, पण घाईचा. फोन केला तर म्हणाला, "सर, चार ठिकाणी वाचलंय." म्हटलं, चारांपैकी एकाने तरी साल दिलंय का? "साल नाही सर, पण जुळतंय की हो!" जुळतंय, हेच तर दुखणं. टोबायस स्मॉलेटच्या १७६२ सालच्या कादंबरीत हा शब्द 'हॉलो-बॅलो' असा येतो. 'हॉलो' म्हणजे लांबून घातलेली साद, 'हॅलो'च्याच कुळातली. पुढचं 'बॅलो' बहुधा नुसतं यमकाला, आपल्या 'अघळपघळ'मध्ये 'पघळ' येतं तसं. शिवाय शब्दाचा सुरुवातीचा वावर स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधला. एवढं सांगूनही स्वारी फुगलीच. चौकट काढली, आणि त्या जागी उटण्याची जाहिरात गेली.

गंमत म्हणजे आपल्या तोंडून खरोखर तिकडे गेलेला शब्द या मंडळींना माहीतच नसतो: 'बॉबरी', म्हणजे गलका, कटकट. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात त्याचं मूळ 'बाप रे!' असं दिलंय. नाना जातींची, बहुतेकदा बिनजातीची कुत्री जमवून तरुण अधिकारी कोल्ह्यांमागे धावायचे. त्या टोळीला 'बॉबरी पॅक' म्हणत. कोशाचं नावही गोऱ्या शिपायांनी मोहरममधल्या 'या हसन! या हुसेन!' या घोषाची केलेली मोडतोड. पण हे कळायला कोश उघडावा लागतो.

दुसरी चूक माझ्या जास्त डोक्यात जाते: 'बहुधा' खाणं. 'रकस' हा दंग्यासाठीचा अमेरिकन शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. 'रक्शन' आणि 'रम्पस' या त्याच अर्थाच्या शब्दांची ती सरमिसळ असावी, असं कोश जपून म्हणतात. उतरवून घेणारा 'असावी'चं 'आहे' करतो. त्याच्यावरून लिहिणारा पुढचा माणूस 'रक्शन'चा संबंध १७९८ च्या आयरिश बंडाशी जोडतो, तोही ठासून. 'रम्पस' कुठून आला हे तर कोशांनाच ठाऊक नाही. तिथे 'मूळ अज्ञात' एवढंच लिहावं. त्याने कमीपणा येत नाही. मी कोशातला 'बहुधा' टिपणात लाल शाईने उतरवतो, म्हणजे लेख लिहिताना निसटत नाही.

'रॅकेट' म्हणजे गोंगाट आणि टेनिसची 'रॅकेट' हे वेगळे शब्द. एकाचं मूळ दुसऱ्याला चिकटवू नका.

'पँडेमोनियम' आणि 'बेडलम' दोन्ही गोंधळासाठीच वापरतात. पण 'पँडेमोनियम' हे कवी मिल्टनने १६६७ साली 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्यात सैतानाच्या राजधानीला दिलेलं नाव आहे, आणि 'बेडलम' आलाय लंडनच्या बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळावरून. दोघांची गोष्ट एकच समजून सांगू नका.

आणि आद्याक्षरं जोडून बनवलेली व्युत्पत्ती दिसली, की मी पुढचं वाचतही नाही.