लिस्ट सोडा, सेट वापरा

बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या भाच्याचा पायथन प्रोग्राम, चहा उकळून गाळून झाला तरी चालूच होता. 1 लाख पावती क्रमांक दुसऱ्या लाखभर क्रमांकांत आहेत का, एवढंच बघायचं होतं. पण हे दुसरे क्रमांक लिस्टमध्ये, म्हणजे क्रमाने मांडलेल्या यादीत होते, आणि लिस्टवर ‘इन’ (म्हणजे ‘यात आहे का?’) लिहिलं की पायथन दर वेळी पहिल्यापासून एकेक क्रमांक चाळतो. एकही सापडला नाही तर 1000 कोटी तुलना! त्या लिस्टचा सेट, म्हणजे प्रत्येक नोंद एकदाच ठेवणारा पायथनचा संग्रह, करा. सेट हॅशवरून (नोंदीवरून काढलेल्या, तिची जागा सांगणाऱ्या आकड्यावरून) सहसा थेट जागेवर पोहोचतो. मात्र सेट लूपच्या, म्हणजे तीच तपासणी पुन्हापुन्हा करणाऱ्या भागाच्या बाहेर, एकदाच बनवा. (भाच्याने आधी आतच बनवला होता, म्हणजे आणखीनच सावकाश.) सेटमध्ये क्रम टिकत नाही, दुबार नोंदीही गळतात, त्या हव्या असतील तर मूळ लिस्ट जपून ठेवा.