परदेशात एमबीबीएसला निघताना: नाशिकच्या घरांसाठी तयारीची यादी

नीटचा निकाल लागला की नाशिकमध्ये परदेशी एमबीबीएसचे सेमिनार सुरू होतात. जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्स, कॅरिबियन बेटं, सगळीकडची चकचकीत माहितीपत्रकं हातात पडतात आणि काही पालक त्याच दिवशी बुकिंगची रक्कम भरून येतात. कृपा करून तेवढं करू नका. जॅकेट, कुकर, बॅगा यांची खरेदी शेवटच्या पंधरवड्यातही होते. यादीतलं पहिलं काम आहे ते तिथली पदवी घेऊन इथे प्रॅक्टिस करता येईल का, हे कागदावर तपासण्याचं.

त्यासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे, म्हणजे एनएमसीचे, नोव्हेंबर २०२१चे नियम स्वतः वाचा आणि मुलालाही वाचायला लावा. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, त्यावर तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, शिकवणं इंग्रजीतून हवं, आणि त्या पदवीवर त्याच देशात डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळायला हवा. भारतात परतल्यावर आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप असते. म्हणजे घराचा हिशेब सात-आठ वर्षांचा धरा.

खाजगी आंतरराष्ट्रीय कॉलेजांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती एका कलमाची. पूर्ण शिक्षण आणि इंटर्नशिप त्याच देशात, त्याच संस्थेत व्हायला हवी, असं नियम सांगतो. कॅरिबियनमधली अनेक खाजगी कॉलेजं पहिली दोन वर्षं बेटावर शिकवतात आणि पुढची क्लिनिकल वर्षं अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत करून घेतात. अमेरिकेतच स्थायिक व्हायचं असेल तर तो रस्ता वेगळा, त्याच्या परीक्षा वेगळ्या. पण नाशिकला परत येऊन दवाखाना टाकायचा असेल तर हीच सोय आडवी येते. ‘शेवटचं वर्ष भारतात करून देऊ’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच उठा. ‘प्री-मेडिकल’, म्हणजे मुख्य अभ्यासक्रमाआधीचं तयारीचं शिक्षण, धरून महिने मोजले आहेत का, तेही विचारा, कारण ते ५४ महिन्यांत धरत नाहीत. वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स या जगभरच्या मेडिकल कॉलेजांच्या यादीत कॉलेजचं नाव असणं म्हणजे भारताची मान्यता नव्हे. हे सगळे प्रश्न एजंटाला फोनवर विचारू नका, कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि आलेलं उत्तर छापून फाइलला लावा.

नीट पात्र असल्याशिवाय परदेशी जायचा विचारही नको. परदेशी प्रवेशासाठी तो निकाल तीन वर्षं चालतो, पण स्कोअरकार्डाची प्रत मात्र कायमची जपा.

आता कागद. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. आधारवर कधी मधलं नाव असतं, कधी नसतं. एका कागदावर इंग्रजी नावाच्या शेवटी ‘ए’ आणि दुसऱ्यावर नाही, इतका फरकही पुढे परीक्षेच्या अर्जात आणि नोंदणीत छळतो. म्हणून दहावी, बारावी, नीट, आधार आणि पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. मार्कशीटवर चूक निघाली तर बोर्डाच्या नाशिक विभागीय कार्यालयात आत्ताच अर्ज द्या. नंतर हे काम मुलाच्या गैरहजेरीत आईवडिलांच्या गळ्यात पडतं. अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालण्यासाठी कागदांवर घेतलेलं सरकारी प्रमाणन, लागत असेल तर ते या दुरुस्तीनंतर.

पैशांचं थोडक्यात. फी थेट कॉलेजच्या खात्यात, बँकेमार्फत भरा. एजंटाला रोख नको. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या फीवर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर, लागत नाही. स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर लागतो आणि रिटर्न भरताना त्याचा हिशेब होतो, म्हणून सीएला आधीच भेटा.

अभ्यासाची तयारी मात्र सामानाआधी सुरू व्हावी. परतल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांची पात्रता परीक्षा, असते: ३०० प्रश्न, पास व्हायला १५०. वर्षातून दोनदा होते आणि बहुतेक सत्रांत नापास होणाऱ्यांचीच संख्या मोठी असते. तिथली पोरं हुशार नसतात असं मुळीच नाही. वॉर्डात पेशंटशी बोलता येत नाही, म्हणून हिस्टरी घेणं, म्हणजे आजाराची माहिती विचारून काढणं, कच्चं राहतं, आणि परीक्षा नेमकी तीच समज तपासते. त्यामुळे विमानात बसण्याआधी तिथली भाषा शिकायला घ्या, ‘कुठे दुखतंय, कधीपासून’ एवढं तरी बोलता येऊ दे. भारतीय लेखकांची पुस्तकं पहिल्या वर्षापासून सोबत असू द्या.

सामानात गोडा मसाला, चिवडा, औषधं आणि त्यांची चिठ्ठी. नाशिकच्या डिसेंबरच्या थंडीवरून किर्गिझस्तानच्या राजधानीच्या, बिश्केकच्या, हिवाळ्याचा अंदाज बांधू नका. जाड जॅकेट तिथेच घेतलेलं बरं.

आणि आईवडिलांसाठी एक काम. घरात एक फाइल करा. प्रत्येक सेमिस्टरची फीची पावती, हजेरीचा दाखला, क्लिनिकल लॉगबुकच्या प्रती, इमिग्रेशनचे शिक्के असलेली पासपोर्टची पानं, सगळं तिच्यात. पासपोर्ट नवा झाला तरी जुना टाकू नका. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे म्हणून डॉक्टर म्हणून नोंदणीही तिथेच होईल असं बऱ्याच जणांना वाटतं. ती मुंबईच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे होते. प्रत्यक्ष कॉलेजात बसून शिकलात का, हे तपासताना असे जुने कागद मागितले जाऊ शकतात.